फडकं काढा

भिका सिल्वासाजवळच्या खडोलीच्या रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. ठेकेदाराने हा माणूस आपला नव्हेच म्हणून हात झटकले. मागे बायको मंगला आणि अंगावर पिणारी गुड्डी. त्याच्या पाळीवरच्या लोकांनी ठरवलं की नव्या वर्षाचं, १९९२ चं, एकपानी कॅलेंडर छापायचं. वर भिकाचं चित्र, खाली तारखा. विकून येईल ते मंगलाच्या हातात द्यायचं.

चित्र झुंबर पेंटरने काढायचं. झुंबर चाळीसगावकडचा, सिल्वासात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मजुरी घेणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग अडकला. भिकाला त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

फोटो एकच, लग्नातला. नवरदेवाची मान खाली, बाशिंगाच्या झालरीत नाकडोळे गडप. एक कान तेवढा दिसत होता. पाळीवरच्यांना विचारावं, तर ते डोळ्यांचंच सांगत. कारखान्यात रंगाची भुकटी उडायची, म्हणून सगळे नाकातोंडाला फडकं बांधून राबत. भिकाच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्या लखनलासुद्धा त्याची हनुवटी आठवेना. वर तोच टोमणा मारायचा.

"झुंबरशेठ, डेरीच्या पाटीवर म्हैस काढता, तेव्हा ती समोर बांधून ठेवता का?"

"सगळ्या म्हशींचं तोंड एकच असतं," झुंबर म्हणाला. "तू डोळे सांग."

लखनने सांगितलं. डावी पापणी जराशी उतरलेली. हसला की कपाळाला आठ्या पडायच्या, बाकी हसणं फडक्यात. झुंबरने कोळशाने काढलं, चिंधीने पुसलं, पुन्हा काढलं. कागदाचे तंतू निघाले की नवा कागद. छपाई एकाच रंगात होती. मधली छटा नाही, काळं तरी किंवा कोरं तरी. पापणीची सावली कुठे थांबवायची, यावर त्याने एक अख्खा रविवार घालवला. शेवटी लखन कागदाकडे बघून टोमणा मारायचा विसरला, तेव्हा झुंबरने डोळे पक्के केले. नाकाखालची जागा कोरी. फडक्याची कड दाखवणारी एक पुसट रेघ तेवढी.

तो कागद घेऊन तो मंगलाच्या खोलीवर गेला. तिने बराच वेळ पाहिलं. तोंड कसं होतं, असं त्याने विचारलं.

"समोर येतं, भाऊ. सांगायला गेलं की पळतं." मग त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "फडकं काढा."

झुंबरने घरी येऊन रेघ पुसली. बायकोला नवऱ्याचं उघडं तोंड हवं, यात नवल ते काय? त्याने गुड्डीची जिवणी पाहून ठेवली होती. भिकाच्या गावचे लोक पाहिले, त्यांच्या हनुवट्या पाहिल्या. ओठ जाड केले, पातळ केले, मिशी दिली. रोज पाट्यांचं काम उरकून तो याला बसायचा. हात भरून यायचा, पण रेघ सैल पडू द्यायची नाही. तोंड जमलं असं वाटलं, तेव्हा तो पुन्हा गेला.

मंगलाने पाहिलं आणि पंजा उचलून नाकाखाली दाबून धरला. वर डोळे राहिले. पंजा तिने हलवला नाही.

"मी फडकं काढा म्हटलं होतं, भाऊ. पुसा नव्हतं म्हटलं."

पुसतो, झुंबर म्हणाला, आत्ता पुसतो.

"कागदावरचं पुसाल," ती म्हणाली. "आता मला डोळे मिटले तरी हेच तोंड दिसतंय."

तोंडाचे सगळे कागद झुंबरने चुलीत घातले. फडकं काढलं, गाठीसकट, घडी घडी दाखवून. त्यातलं कापड खरं होतं. लखनने स्वतःचं आणून दिलेलं, ते समोर ठेवून काढलेलं. कॅलेंडर छापलं. फाटकावर विकायला ठेकेदाराने मनाई केली, म्हणून लोकांनी डब्याच्या पिशवीतून नेलं. खोल्याखोल्यांतून लागलं. पुढच्या वर्षी तारखा कापून चित्र ठेवणारेही होते.

पुढे गुड्डी शाळेत जायला लागली. एकदा झुंबर तिच्या शाळेच्या भिंतीवर अक्षरं काढत होता, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली. पप्पांचं चित्र तुम्हीच काढलं ना, म्हणून विचारलं. त्याने मान हलवली.

"मग फडक्याच्या आत तोंड कसं होतं?"

"आईला विचार, बाळ."

"विचारलं. आई म्हणते, तिला आता तुम्ही काढलेलंच आठवतं."

झुंबरने कुंचला डब्यात बुडवला. रंग ठिबकत राहिला, पण त्याचा हात भिंतीकडे गेला नाही.