विहिरीचे चाळीस

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीच्या एका कचेरीत जुनी दप्तरं सांभाळायचो. तिथे एक म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत धोतर, काखेत शंभरपानी वही. साखऱ्याकडच्या आपल्या लहानशा गावाचा इतिहास त्याला लिहायचा होता.

"सायेब, आमच्या गावच्या विहिरीवर पाटलाचं नाव कोरलंय. ज्यायनं खंदली त्यायचं एकाचं बी न्हाई. माझा बाप व्हता त्याच्यात."

मी खेकसलो, "बाबा, निजामाच्या वेळचे कागद उर्दूत आहेत. तुम्हाला काय वाचता येणार?"

"मंग शिकतो की," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, ब्याद टळली.

वर्षभराने तो परत आला, बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून उर्दू शिकून. मी त्याच्या गावचं दप्तर काढून दिलं, तसा उकिडवा बसून, उजवीकडून डावीकडे बोट सरकवत, ओठ हलवत वाचू लागला. जेवायला उठला नाही. मलाही उठवेना.

दुपारी बोट थांबलं. तिथे विहिरीच्या नोंदीत पाटलाचं नाव होतं आणि पुढे एवढंच : चाळीस मजूर.

मला त्याच्याकडे बघवेना. "वर्ष वाया गेलं की बाबा तुमचं."

"काहून?" त्याने वही उघडली. गावात घरोघरी विचारून लिहिलेली नावं त्यात होती, पहिलं बापाचं. त्याने ती एकेक करून मोजली.

"तेवीस झाले. समदे घावले म्हून वही बंद करनार व्हतो मी." त्याने वही काखेत मारली आणि दाराकडे निघाला. "अजून सतरा जन हायेत."