हर्षाची पहिली दहा गिऱ्हाइकं

मी तीस वर्षं काउंटरवर उभं राहून जे करतोय, तेच आमची हर्षा खुर्चीत बसून करते. आमच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट ती सांभाळते. उमरेडच्या विणकराची पोर, पण इतकी जपून वागणारी की भाजीत मीठ घालायचं तर आधी एका वाटीपुरतं घालून चाखेल. साइटवर काही बदललं की तो बदल ती आधी शंभरातल्या दहाच गिऱ्हाइकांना दाखवते, बाकीच्यांना जुनंच चालू ठेवते आणि डोळे फाडून स्क्रीनकडे बघत बसते. मी तिला यावरून फार चिडवतो.

पण तिची भीती खोटी नव्हती. मागच्या लगीनसराईत तिच्या आधीच्या माणसाने एका दमात सगळं बदललं आणि साइट दोन दिवस बंद पडली. पुन्हा बंद पडली तर ऑनलाइन धंदाच गुंडाळू, असं दुकानाचे मालक गुलाबचंद शेटजींनी तेव्हाच बजावलं. म्हणजे हर्षाची नोकरी गेली असती, आणि तिच्या बाबांच्या साड्याही तिथूनच खपत होत्या.

यंदा ऐन लगीनसराईत बॉट आले. बॉट म्हणजे माणसाचं सोंग घेऊन फिरणारी यंत्रं. भराभर साड्या उघडतात, भाव टिपून नेतात, घेत काहीच नाहीत, आणि त्यांच्या गर्दीत खरं गिऱ्हाईक दारातच अडकतं. हर्षाने साइटवर पहारेकरी बसवला. जो ढीगभर साड्या बघेल आणि एकही घेणार नाही, तो बाहेर. अर्थात, आधी शंभरातल्या दहा जणांपुरताच.

अर्ध्या तासात धंतोलीहून आमच्या जुन्या गिऱ्हाईक यमुताईंचा फोन आला.

"मी माणूस नाही म्हणते तुमची साइट. दोनशे साड्या पाह्यल्या तर काय झालं गा?"

हर्षाचा चेहरा पडला. तिने मिनिटभरात पहारेकरी उठवून जुनं सुरू केलं. दहांतच होतं म्हणून निभावलं. मला मात्र हसू आवरेना. दोनशे साड्या बघून हात हलवत जाणारी बाई बॉट असेल, तर मी जन्मभर बॉटांनाच साड्या दाखवल्या.

हर्षा हसली नाही. "काका, मंग घेणारी कोण, हे तुमाले कसं समजते?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरंच बरं वाटलं. मी म्हटलं, घेणारी बाई कितीही बघो, आवडलेल्या साडीवर परत येते आणि पदर उलगडायला लावते.

तिने तोच नियम घातला: जो साडीवर परत येईल किंवा पदराचा फोटो मोठा करून बघेल, तो माणूस. आधी दहा, मग तीस, मग सगळे. बॉट हटले, आणि यमुताई पदर मोठे करकरून बघत राहिल्या.

शनिवारी शेटजी तणतणत आले. साइट बंद पडली, आता आवरा, म्हणाले. हर्षा धावत स्क्रीनकडे गेली. मी माझ्या फोनवर उघडून पाहिली, तर मस्त चालू. मग उलगडा झाला. बंद तर पडली नाही ना, हे बघायला शेटजी सकाळपासून एकेक साडी खटाखट उघडत होते, आणि थांबले कुठेच नव्हते. पहारेकऱ्याने त्यांना यंत्रांत काढून बाहेर ठेवलं होतं.

हर्षाने त्यांना आत घेतलं आणि हळूच बाबांची साडी समोर उघडून दिली. "शेटजी, एखांद्या साडीचा पदर तरी पाहा."

शेटजींनी पदर मोठा केला. पुढच्या दोन-चार साड्या बघितल्या आणि परत त्याच साडीवर आले.