बिनबटणांचं स्वेटर

मी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि त्याच सुमाराला बायकोचा उजवा खांदा धरला. घरात बसून कोणाच्या कामात नाक खुपसावं, हा माझ्यापुढचा मोठा प्रश्न होता. तो तिच्या खांद्याने सोडवला. तिचा हात वर जाईना, त्यामुळे वरच्या फळीवरचे डबे काढणं, दोरीवर कपडे टाकणं, तिचे केस बांधणं हे सगळं माझ्याकडे आलं. केस मी असे काही बांधत असे की तिने आरशात बघायचंच सोडून दिलं.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं हळूहळू वर चढवायची आणि हात थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची. पेन्सिल कोण शोधणार म्हणून ती ओल्या कुंकवाचं बोट टेकवायची. झोपायच्या खोलीच्या दाराआड लाल ठिपके चढू लागले आणि खांद्यापर्यंत येऊन थांबले. दिवाळी झाली आणि तिने तो व्यायाम सोडला.

"दुखते लय. आन काही फरक पडून नाही राहिला," ती म्हणाली, आणि विषय संपवला.

हात वापरला नाही तर तो असाच राहून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरलो होतो. या बाईला मी कधी हात बांधून बसलेलं पाहिलं नव्हतं आणि आता ती दुपारभर खिडकीशी नुसती बसून राहायची. पण भीती वाटली की मला राग येतो, त्यामुळे मी तिला समजावण्याऐवजी ओरडत होतो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायची.

मग थंडी आली. रायपूरची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, पण आम्ही राहतो त्या बूढ़ापाऱ्यात तलावावरून सकाळी जो वारा येतो तो चांगलाच बोचतो. बायकोला जुन्या स्वेटरची बाही चढवता येईना. शाल घेतली तर ती सारखी घसरायची, आणि डाव्या हाताने शाल धरून ठेवली की कामाला दोन्ही हात संपले. तेव्हा मला कल्पना सुचली की बिनबाह्यांचं स्वेटर करावं, आणि ते मीच क्रोशाने विणावं. आमच्या दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, सगळं तिच्या सुईतून उतरलेलं. त्या सुया कपाटात पडून होत्या.

"बाजारात काय कमी स्वेटर आहेत?" ती म्हणाली.

"तू शिकव. बाकी मी बघतो."

"तुमच्याच्यानं होते का हे?" असं म्हणत ती बऱ्याच दिवसांनी हसली. तिथेच माझं ठरलं.

तात्यापाऱ्यातल्या दुकानातून मोरपंखी लोकर आणली आणि शिकवणी सुरू झाली. आधी साखळी. माझी साखळी इतकी घट्ट की पुढच्या ओळीला सुई आतच शिरेना.

"इतकं कसून काहून ओढून राहिले? पोतं शिवून राहिले का तुम्ही?"

नोकरीत मला असं बोलायची कोणाची हिंमत झाली नव्हती. मी मुकाट्याने उसवलं. साखळी जमली तसे खांब शिकलो. सुईवर लोकर घेऊन उभा टाका घालायचा, त्याला खांब म्हणतात. तेही जमले, पण पट्टी वर जाता जाता निमुळती होत चालली. मी म्हटलं लोकर खराब आहे. तिने पट्टी मांडीवर पसरली आणि कडेवरून बोट फिरवलं. "शेवटचा खांब खाऊन टाकता तुम्ही दर वेळी." पुन्हा उसवलं.

बेत सोपा होता. पुढचा एक चौकोन, मागचा एक चौकोन, खांद्यावर शिवायचे आणि मधे गळा सोडायचा. माप हवं म्हणून मी माझंच हाफ स्वेटर पलंगावर पसरलं आणि स्टीलच्या पट्टीने मोजायला बसलो. बायको तिथेच मटार सोलत होती. तिने स्वेटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण पुन्हा मटार सोलू लागली. दाणे बारीक निघाले असतील, असं मला वाटलं.

त्यानंतर ती मला रोज घराबाहेर काढू लागली. "इथं अंधार आहे. ओट्यावर बसा, उजेडात." ओट्यावर बसलं की अख्ख्या गल्लीला माझं विणकाम दिसायचं. स्कूटरवाले वेग कमी करून बघायचे. मी एकेकाकडे असा काही बघायचो की ते पुढे निघून जायचे. काही अडलं म्हणून आत जायला उठलो, की आतून आवाज यायचा, "थांबा, मीच येते." ती यायची तेव्हा जरा दमलेली असायची. घरात काहीतरी आवरत असेल, असं मी धरून चाललो.

संक्रांत जवळ आली आणि स्वेटर झालं. एक कड किंचित तिरकी, पण झालं. मी ओट्यावर ते दोन्ही हातांत धरून बघत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली बाई भाजी घेऊन परतली. तिने थांबून हात लावून पाहिलं.

"बहुत सुंदर बना है भैया. पर दीदी पहनेंगी कैसे? इसमें तो सामने बटन ही नहीं. हाथ उठता कहाँ है उनका?"

मी स्वेटरकडे पाहिलं. डोक्यातून घालायचं, दोन्ही हात वर करून घालायचं, पुरुषी स्वेटर. आमच्या घरातल्या बायकांनी जन्मभर साडीवर पुढून बटणांचीच स्वेटरं घातली. आईने घातली, बायकोने घातली. मी ती रोज बघत आलो, आणि विणायला बसलो तेव्हा मला माझंच तेवढं आठवलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिचा खांदाच मी विसरलो होतो. इतकी लाज मला क्वचित वाटली असेल.

मी तरातरा आत गेलो आणि कात्री शोधायला लागलो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मी गाढव आहे. उसवतो सगळं."

"हव, ते तर आहेच," ती म्हणाली. "पण उसवायचं नाही. द्या इकडं."

तिने स्वेटर माझ्या हातातून घेतलं. डावा हात घातला. मग उजवा हात आत सरकवला आणि दात आवळून हळूहळू वर नेला, खांद्यापर्यंत, कानापर्यंत, आणि त्याच्याही वर. मी पुढे झालो तर आतूनच म्हणाली, "हात नका लावू." स्वेटर डोक्यात अडकलं, जरा वेळ तसंच राहिलं, आणि मग तिचं तोंड बाहेर आलं, केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

तिने मानेने झोपायच्या खोलीकडे खूण केली. "ते दार लावून पाहा."

एरवी उघडंच असणारं ते दार मी लोटलं. त्याच्यामागे कुंकवाचे ठिपके खांद्याची उंची सोडून कितीतरी वर गेले होते. सगळ्यात वरचा अजून ओला होता.

"तुला दिसलं होतं," मी म्हणालो. "मी माप घेत होतो तेव्हाच."

"दिसन नाही तर काय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बटणं लावून देल्ली असती," ती पदर सारखा करत म्हणाली. "मग मी हात कशाले वर केला असता?"

स्वेटर मागून खाली ओढायचं निमित्त करून मी तिच्या पाठीमागे गेलो आणि तिथे उभा राहून डोळे पुसले.