वायरमनची पहिली वेणी

सदर इसम, वय चौतीस, परवानाधारक वायरमन, अकरा हजार व्होल्टच्या कामास पात्र. बायको लवकर कामावर गेलेली आणि लेक हटून बसलेली, "वेणी आईच घालणार, नाहीतर मी शाळेत जाणार नाही!"

शाळेनं मुलांच्या बाबांसाठी घेतलेल्या शिबिरात सांगितलं होतं, मुलांनाच विचारा. त्यानं विचारलं, "बाईसाहेब, काम कसं हवंय?"

"न दुखणारं."

मग त्यानं तीन बटांना फेज, न्यूट्रल, अर्थिंग म्हणत हलक्या हातानं वेणी घातली आणि सवयीनं टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"बाबा, करंट लागेल?"

"हात लावून बघ."

हात लावताच ती "झण्ण्!" करून किंचाळली, हसता हसता गडाबडा लोळली आणि उड्या मारत शाळेत गेली.

संध्याकाळी आईला ती चिकटपट्टी केसांसकट कापावी लागली.