धाकटीच्या पुस्तकातली आई

धाकट्या बहिणीची कादंबरी छापून आली त्या दिवशी मी तिला फोनवर "छान झालं गं" म्हणाले आणि नंतर तासभर घरात कुणाशी बोलले नाही. ती लातूरला क्लासेसमध्ये केमिस्ट्री शिकवते. दोन बॅचच्या मधल्या वेळात लिहून अकरा महिन्यांत तिने पुस्तक संपवलं. मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवते आणि सात वर्षं एकच कादंबरी पुन्हा पुन्हा लिहिते आहे.

माझी पद्धत ठरलेली. खर्डा झाला की प्रिंट काढायची, सैल वाटेल ते लाल पेनाने कापायचं, पुन्हा टाइप करायचं आणि गठ्ठा महिनाभर कपाटात ठेवून द्यायचा. त्या महिन्यात लिहायचं नाही, नुसतं मजेसाठी वाचायचं. या उन्हाळ्यात पाचवा खर्डा कपाटात होता आणि मी कूलरसमोर पडून एकामागून एक रहस्यकथा संपवत होते. खून कुणी केला एवढीच काय ती चिंता. कादंबरीचं दुखणं मात्र जुनंच होतं. ती आईवर होती, आणि आई काही केल्या पानावर जिवंत होत नव्हती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिला पुस्तकात आणायचं ते थोरलीनेच, म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते.

प्रकाशनाला लातूरला गेले. टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला, फोटोत हसले. परतीच्या बसमध्ये चाकूर सुटल्यावर पुस्तक उघडलं, ते चुका काढायलाच. पहिल्या तीस पानांत चार सापडल्या. बरं वाटलं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी तिसऱ्या प्रकरणात होते.

त्यात आप्पा, म्हणजे आमचे वडील, नोकरीवर किनवटला गेलेले आहेत. आई दुपारी त्यांच्या आरामखुर्चीत पाय पसरून बसते, त्यांच्यासारखं खाकरते आणि त्यांच्याच आवाजात हुकूम सोडते, "चहा झाला का न्हाई अजून?" थोरली पोरगी हसून गडाबडा लोळते. मग आई स्वतःच उठून चहा टाकते, कप घेऊन पुन्हा खुर्चीत बसते आणि कपाळाला आठ्या घालून म्हणते, "साखर कमी हाय."

मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. आणि मग असा जळफळाट झाला की पुस्तक पिशवीत कोंबलं. हीच आई, हुबेहूब! पण धाकटी तेव्हा पाळण्यात होती. तिला काय आठवणार? खुर्चीपाशी लोळून हसले होते मी, आणि आई जाऊन बसली हिच्या पुस्तकात. लोहा येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडत होते.

घरी पोचल्या पोचल्या फोन लावला.

"आईचं ते खुर्चीचं तुला कुणी सांगितलं?"

"तूच की, अक्का."

"मी? कधी?"

"दुसरा खर्डा वाचायला दिला होतास की मला. त्यात त्या पानावर रेघ मारलेली. मी म्हणले, हे का काढायलीस, लई गोड हाय. तू म्हणलीस, पाल्हाळ हाय नुसता, तुला पायजे तर घे."

मी पिशवीतून तिचं पुस्तक काढून तेच पान उघडलं.

"राग आला का? पुढच्या आवृत्तीत काढून टाकते."

"न्हाई. राहू दे," मी म्हणाले. त्यात मोठेपणा काही नव्हता. दुसरं काही सुचलं नाही.

माळ्यावरून दुसऱ्या खर्ड्याचा गठ्ठा काढला. पान सापडलं. रेघ माझीच होती, पट्टी लावून मारलेली. तरी धाकटीचा हेवा काही कमी होईना; उलट वाढलाच. तिला ते पान घ्यावंसं वाटलं होतं, एवढंच मला सलत होतं.

मग महिना पुरा व्हायच्या आधीच पाचवा खर्डा बाहेर काढला आणि हातात पेन न घेता पहिल्या पानापासून वाचत गेले. आई स्वयंपाक करते, सोसते, वाट पाहते, आजारी पडते. तीनशे बारा पानांत ती एकदाही हसत नाही.