खोक्यावरचं फ्रेंच

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी जरा मोठ्यानेच सांगते. इथे परदेशात, टाकानिनी उपनगरातल्या लोणच्याच्या छोट्या कारखान्यात लेबलांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हाही मोठ्यानेच सांगितलं होतं. न्यू कॅलेडोनियाची पहिली ऑर्डर होती. तिथे फ्रेंच चालतं. घेणाऱ्याने कळवलं, बरणीवर आणि बाहेरच्या खोक्यावरही सगळं फ्रेंचमध्येच पाहिजे.

मी कॉलेजात एक सेमिस्टर फ्रेंच केलेलं. खोक्याच्या झाकणाच्या बाजूला छापलं HAUT, म्हणजे वर. तळाला BAS, म्हणजे खाली. मालक म्हणाले, "बाणाचं चित्र टाकू या का?" मी म्हटलं, "सर, शब्द असताना चित्र कशाला?"

पॅकिंगला सोलापूरच्या एक काकू होत्या, लेकाकडे राहायला आलेल्या.

"अगं, हे हौट काय गं?"

"हौट नाही काकू, ओ. शेवटचा टी आणि पहिला एच बोलायचा नाही."

"बोलायचाच नाही तर छापलाय कशाला? शाई फुकट आलीय?"

मी हसून ऑफिसात गेले. खालच्या शब्दाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुपारी ट्रक आला. माल त्याच दिवशी बंदरात पोचला नाही तर जहाज चुकणार, आणि पहिलीच ऑर्डर हातची जाणार. मी धावत बाहेर आले, तर प्रत्येक थप्पीचा सगळ्यात वरचा थर उलटा! बरण्या डोक्यावर उभ्या.

"काकू, हे काय केलंत?"

"बरोबरच केलंय. बास लिहिलंय ना? मग थप्पी भरली की बास वर. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, आता यावर काही ठेवू नका."

"ते बास नाही हो, बा आहे! बा!"

"मग बापाचं नाव खोक्यावर कशाला?"

ट्रकचा ड्रायव्हर, धिप्पाड माओरी माणूस, पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून सगळं बघत होता. त्याला मी इंग्रजीत समजावलं. तो म्हणाला, "बाण का नाही काढलात?" मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

मग मी, काकू आणि तो, तिघांनी मिळून सगळी खोकी सुलटी केली. काकू प्रत्येक खोक्याला "ओ वर, बा खाली" म्हणत होत्या. ड्रायव्हर मार्करने बाण काढत होता. एकाच खोक्यातून तेल गळलेलं, ते आम्ही मागे ठेवलं. बाकीचा माल वेळेत चढला.

थांबल्याबद्दल मी त्याच खोक्यातली एक बरणी ड्रायव्हरला दिली. त्याने तिथेच झाकण उघडून लिंबाची अख्खी फोड तोंडात टाकली. डोळे भरून आले.

"हीप्स गुड," म्हणजे एकदम मस्त, असं तो घशातल्या घशात म्हणाला, आणि काकूंकडे वळून हाताने पाण्याची खूण केली. काकूंना ती एका फटक्यात कळली.