सावली मासे धरायला गेली

शुक्रवार, १५ जून २०१८. पहाटे सर, मग ऊन. राजधानीहून, सूवाहून येणारी बोट वेळेवर. वासिती चहा न घेताच शाळेत गेली.

वासिती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तो गेल्यावर माझ्याकडेच वाढली. लहानपणी इतकी बुजरी, की दुकानात साखर मागायची तर माझ्या पाठीआडून. ती शिक्षिका होणार म्हटल्यावर कॉन्व्हेंटच्या सिस्टर हसल्या होत्या.

चौथीचा वर्ग मिळाला, तर तिथली मुलंही तशीच मुकी. गोष्टीच्या पुस्तकांत बर्फ आणि कोल्हे. मुलं बोलणार तरी काय? मग ती इंटरनेटवरून आपल्या बेटांचे फोटो उतरवून घेऊ लागली. फोटो भिंतीवर लावायचा आणि विचारायचं, "याच्या आधी काय झालं असेल?" मुलांची तोंडं अशी उघडली, की शेजारचा वर्ग तक्रार करू लागला.

मागच्या आठवड्यात कुणा गोऱ्या प्रवाशाने धक्क्यावर काढलेला एक फोटो तिला मिळाला. अळकुड्यांच्या पोत्यांवर एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपलेला. उनाइसी नावाच्या मुलीने लिहिलं, "हा माणूस फार आळशी आहे. फोटोत त्याची सावली नाही, कारण ती एकटीच मासे धरायला गेली आहे." वासितीने कौतुकाने गोष्ट आणि फोटो शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले.

बुधवारी सूवाहून त्या म्हाताऱ्याच्या नातवाचा निरोप आला. "हे आमचे सेमिसी आजोबा. शुक्रवारी बोटीने येत आहेत."

वडीलधाऱ्या माणसाला साऱ्या जगासमोर आळशी म्हटलं! मुख्याध्यापकांनी सांगितलं, "हे मिटेपर्यंत फोटो बंद. नाही मिटलं तर कायमचे."

"आत्या, मुलं पुन्हा गप्प होतील गं," एवढंच वासिती म्हणाली. रात्री जेवली नाही.

आज दुपारी शाळेत मुलांसमोर चटई अंथरली. आमच्या रीतीप्रमाणे वासितीने यांगोनाची मुळी म्हाताऱ्यापुढे ठेवली. मुळीचं पेय पुढे सगळे पितात, पण आधी ती माफीसाठी स्वीकारली जावी लागते. सेमिसी मान खाली घालून बसले होते. मुळीला हात लावला नाही. वासितीने आपलं नाव, बापाचं नाव, बापाचं गाव सांगितलं. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

म्हाताऱ्याने मान वर केली. "कुठलं गाव म्हणालीस?"

"वाइनिकोरो."

"वाइनिकोरो? अरे, हे तर चोरांचं गाव! कोंबड्या चोरता ते चोरता, आता माझं तोंडही चोरलंत?"

मला त्यांच्या गावाचं नाव विचारायची गरजच उरली नाही. आमच्या आणि त्यांच्या गावाचा मूळपुरुष एक. अशा दोन गावांनी एकमेकांना हवं ते बोलावं, एकमेकांच्या घरातलं हवं ते उचलावं. रागवायचं मात्र नाही. आजोबा राहतात सूवात, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता.

वासितीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग इतका मोठा श्वास सोडला, की पुढच्या रांगेतली मुलं हसली.

"आणि तुमचं गाव झोपाळूंचं, आजोबा! धक्क्यावर इतके घोरता, की बोट वेगळा भोंगा न वाजवताच निघून जाते!"

"बघा, बघा! चोर तो चोर, वर जीभही लांब!" म्हातारा मांडीवर थापा मारत होता. "कुठे आहे ती लेखिका? वाच पाहू."

उनाइसीने वाचलं. आजोबा डोळे पुसत म्हणाले, "एक चूक आहे, पोरी. सावली मासे धरायला नव्हती गेली. माझ्यासाठी तंबाखू आणायला गेली होती. अजून आली नाही."

मग मुळी उचलून मांडीवर घेतली आणि जरा गंभीर झाले. "त्या गोऱ्याने फोटो काढताना मला उठवलंसुद्धा नाही. तू निदान समोर येऊन बसलीस. फोटो राहू दे भिंतीवर. माणूस ओळखीचा निघाला, तर आधी विचारत जा."

"हो, आजोबा."

मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "सोमवारपासून चालू करा, मिस वासिती." जणू त्यांनी कधी बंद केलंच नव्हतं.

वाटेत आजोबा माझ्या घरी थांबले. स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं, माझं मोठं पातेलं काखेत मारलं आणि बोट गाठली. मी दारातून त्यांच्या साऱ्या गावाचा उद्धार केला. ते हात हलवत गेले.

रात्री वासिती दोनदा वाढून घेऊन जेवली. झोपण्यापूर्वी एवढं लिहून ठेवते: मोठं पातेलं गेलं. अळकुड्या लहान पातेल्यात दोनदा उकडल्या.